टाइपवरून पायऱ्या मोजणं : प्रकल्प नोंदी

६ जुलै

प्रकल्प काय, तर लॅम्डा कॅल्क्युलसमधला (फक्त फंक्शनांनी बनलेली छोटी गणिती भाषा) प्रोग्राम किती पायऱ्यांत थांबतो हे त्याच्या टाइपच्या झाडावरून, म्हणजे तो काय घेतो आणि काय देतो हे नियमांनी सिद्ध करताना होणाऱ्या आकृतीवरून मोजायचं, आणि तोच आकडा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवून पडताळायचा. भाषा ओकॅमल. वेळ रात्रीचा आणि रविवारचा, कारण दिवसा नाशिकला अंबडच्या एका कारखान्याचं स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळायचं असतं. टेस्टिंग भाची बघणार आहे. ती कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या इंदिरानगरला आमच्याकडेच राहते.

नोंदींपुरती लिहायची पद्धत ठरवून ठेवतो. ग्रीक लॅम्डाच्या जागी नुसता ‘ल’. चलांना शाळेच्या बीजगणितातले क्ष आणि य. म्हणजे ‘ल क्ष. क्ष’ हे फंक्शन आलं तसं परत देतं. त्याला ‘आय’ म्हणू. ‘ल क्ष. क्ष क्ष’ आलेली गोष्ट तिलाच लावतं, त्याला ‘डेल्टा’. डेल्टाला डेल्टा लावला की ‘ओमेगा’. तो एक पायरी चालला की परत तोच, त्यामुळे कधीच थांबत नाही.

चालवायचा नियम एकच : (ल क्ष. त) उ असं दिसलं की त मधल्या प्रत्येक क्ष च्या जागी उ ठेवायचा. ही एक पायरी. कुठली जागा आधी घ्यायची याच्या अनेक पद्धती आहेत. सुरुवातीला सगळ्यांत साधी घेतली आहे : फक्त डोक्याशी असलेली जोडी (फंक्शन आणि त्याला दिलेला माल), फंक्शनच्या पोटात शिरायचं नाही, आणि मोकळे चल, म्हणजे कुठल्याच ‘ल’ ने न बांधलेले चल, नसलेलेच प्रोग्राम. समोर ‘ल’ आला की थांबायचं. कॉल बाय नेमचं, म्हणजे माल आधी न चालवता तसाच आत ठेवायच्या पद्धतीचं, हे सडपातळ रूप आहे. मोकळे चल आणि पोटातलं रिडक्शन (पोटात शिरून पायऱ्या चालणं) घेतलं तर नियम वाढतात, आणि मूळ कल्पना दिसायच्या आधीच माणूस थकतो.

पार्सर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम वाचणारा भाग, झाला. आत चलांची नावं ठेवलेली नाहीत, डी ब्रॉइन यांच्या १९७२ च्या पद्धतीने आकडे ठेवले आहेत : हा चल किती ‘ल’ बाहेरचा, एवढंच. नावं बदलायची कटकट तिथेच मिटली.

१४ जुलै

भाचीला पार्श्वभूमी सांगायची म्हणून आज कोड नाही, वही.

चर्च यांनी १९४० मध्ये लॅम्डा कॅल्क्युलसला साधे टाइप दिले. अ → ब म्हणजे अ घेऊन ब देणारं फंक्शन. या टाइपात बसणारा प्रत्येक प्रोग्राम थांबतो. ट्युरिंग यांनी त्याची एक सिद्धता लिहून ठेवली होती, ती गँडी यांनी १९८० मध्ये छापून आणली. पण उलट बाजू खरी नाही. थांबणारे कितीतरी प्रोग्राम या टाइपात बसत नाहीत. डेल्टाच घ्या. ‘क्ष क्ष’ मध्ये पहिला क्ष फंक्शन आहे, म्हणजे अ → ब. दुसरा क्ष त्याला दिलेला माल आहे, म्हणजे अ. एकाच क्ष ला दोन टाइप देता येत नाहीत, म्हणून डेल्टा बाहेर. डेल्टा तर आधीच ‘ल’ ने सुरू होतो, त्याला चालायचंही काही उरलेलं नाही.

तुरीनचे कोप्पो आणि देझानी-चान्काग्लीनी यांनी १९८० च्या आसपास सरळ परवानगीच देऊन टाकली : क्ष ला दोन्ही टाइप असू देत. हे इंटरसेक्शन टाइप. या एका सवलतीने चित्र फिरतं. आता टाइप मिळणं आणि प्रोग्राम थांबणं या दोन गोष्टी एकच होतात, दोन्ही बाजूंनी. थांबण्याचा अर्थ जसा घ्याल तसे नियम थोडे बदलतात, पण सांगाडा हाच.

भाचीने लगेच पकडलं : “मग टाइप काढणारा प्रोग्राम लिहिता येणारच नाही ना? थांबतो की नाही हे ठरवता येत नाही, हे आम्हाला शिकवलंय.” बरोबर. चर्च आणि ट्युरिंग, दोघांचंही १९३६. जावामधल्या टाइप चेकरसारखं काही इथे मिळणार नाही. तरी हे टाइप कशाला हवेत, ते पुढे.

२१ जुलै

इंटरसेक्शन टाइपच्या मूळ रूपात ‘अ आणि अ’ म्हणजे नुसता ‘अ’. यादी संचाची असते, एकच गोष्ट दोनदा लिहिली तरी एकदाच. फिलिपा गार्डनर यांनी १९९४ मध्ये ही सवलत काढून घेतली. ‘अ आणि अ’ म्हणजे दोन अ. संचाच्या जागी मल्टिसेट आला. दानिएल दि कार्व्हाल्यो यांनी २००७ च्या प्रबंधात याच टाइपांतून प्रोग्रामचा वेळ मोजून दाखवला. मागे जिरार यांचं १९८७ चं लिनियर लॉजिक (गोष्ट किती वेळा वापरली याचा हिशेब ठेवणारं तर्कशास्त्र) आहे, पण त्यात शिरलो तर पावसाळा संपेल.

माझ्या रोजच्या धंद्यात हा फरक पटकन कळतो. स्टोअरच्या रजिस्टरला ‘बेअरिंग लागतं’ असं लिहिलं तर बेअरिंग लागतं एवढंच समजतं. ‘बेअरिंग ३ नग’ लिहिलं की महिन्याचा हिशेब लागतो. संचाचा टाइप पहिल्या प्रकारचा, मल्टिसेटचा दुसऱ्या.

नियम चारच ठेवले आहेत. ते एकमेकांवर रचून टाइप सिद्ध केला की झाड होतं, त्यालाच डेरिव्हेशन म्हणतात. नावं मीच दिलेली, कोडमध्येही हीच.

चल : क्ष हा अ म्हणून वापरला, तर क्ष च्या खात्यात [अ], एक नग.

फंक्शन : त चा टाइप ब, आणि त्यात क्ष चं खातं [अ, अ, क] असं असेल, तर ल क्ष. त चा टाइप [अ, अ, क] → ब.

लागू : फंक्शनला जितके नग लागतात, माल तितक्यांदा टाइप करून द्यायचा. वरच्या उदाहरणात उ ची तीन वेगळी डेरिव्हेशनं : दोनदा अ म्हणून, एकदा क म्हणून. खातं रिकामं [] असेल तर उ ला हातच लावायचा नाही.

थांबा : ‘ल’ ने सुरू होणाऱ्या कुठल्याही पदाला काहीही न तपासता ‘म’ हा टाइप देता येतो. म म्हणजे मूल्य, काम संपलं.

हे सगळं ‘सावाना’त बसून हाताने लिहिलं. सावाना म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, १८४० चं. तिथे मोबाइल बाजूला पडतो आणि लांबलचक डेरिव्हेशनं आडव्या कागदावर मावतात. समोरचे आजोबा बराच वेळ माझ्या कागदाकडे बघत होते. शेवटी “कुंडली का?” म्हणाले. झाडाची आकृती बघून त्यांचा अंदाज अगदीच वावगा म्हणता येणार नाही.

तिथेच ओमेगाला टाइप मिळत नाही याची सिद्धता लिहिली, ती इथे उतरवतो, कारण या विषयात मला हीच सर्वांत आवडते. एका पायरीत (ल क्ष. त) उ मोडतो, तेव्हा झाडातला एक ‘लागू’ नियम जातो. त च्या झाडात क्ष चे जे ‘चल’ नियम होते त्यांच्या जागी उ ची डेरिव्हेशनं बसतात. ती आधीच मोजून दिलेली, ना एक जास्त ना एक कमी. म्हणजे प्रत्येक पायरीला ‘लागू’ची संख्या बरोबर एकाने घटते. आता समजा ओमेगाला टाइप आहे. त्याच्या सगळ्या झाडांतलं सर्वांत कमी ‘लागू’ असलेलं झाड घ्या. एक पायरी चाला. पुन्हा ओमेगाच मिळाला, पण झाड एकाने लहान. विसंगती. म्हणून ओमेगाला टाइप नाही.

संपलं. संचाच्या टाइपांत हे असं चालत नाही, कारण उ चं एकच झाड असतं आणि पायरी चालताना त्याच्या प्रती निघतात, झाड वाढू शकतं. तिथे टेट यांच्या १९६७ च्या पद्धतीची जड यंत्रणा लावावी लागते. इथे नुसती वजाबाकी.

२८ जुलै

शनिवारी दुरुस्तीसाठी वीज बंद, म्हणून हातानेच एक पूर्ण उदाहरण केलं. डेल्टाला आय लावायचा : डेल्टा आय → आय आय → आय. दोन पायऱ्या. आता झाड. ते शेवटून बांधलेलं बरं.

शेवटी आय उरतो, त्याला ‘थांबा’ने म.

त्याच्या आधी आय आय. उजवा आय म आहे. डावा म घेऊन म देतो : त्याच्या चलाला य म्हणू, य च्या खात्यात [म], म्हणून आय : [म] → म. एकच फंक्शन, दोन ठिकाणी दोन वेगळे टाइप.

त्याच्या आधी डेल्टा. पोटात ‘क्ष क्ष’. पहिला क्ष [म] → म, दुसरा म. क्ष च्या खात्यात दोन नग : [[म] → म, म]. म्हणून डेल्टा : [[म] → म, म] → म.

बाहेरच्या ‘लागू’ला आय दोनदा टाइप करून हवा, एकदा [म] → म म्हणून, एकदा म म्हणून. दोन्ही तयार आहेत.

‘लागू’ किती? डेल्टाच्या पोटात एक, बाहेर एक. दोन. पायऱ्याही दोन.

एक बारकावा. मुळाशी टाइप म च असला पाहिजे. मुळाशी [म] → म सारखा टाइप ठेवला तर झाड ‘अजून कोणी मला लावेल’ असं धरून चालतं, आणि पोटात न चाललेल्या पायऱ्याही मोजतं. मग आकडा फक्त वरची मर्यादा सांगतो, नेमका बसत नाही. नेमका आकडा हवा तर टाइप सर्वांत काटकसरीचा हवा. आक्काटोली, ग्रॅहम-लेंग्राँ आणि केस्नर यांनी २०१८ मध्ये हीच अट नीट मांडली आणि पायऱ्यांचा आकडा व उत्तराच्या आकाराचा आकडा वेगवेगळे केले. माझ्या सडपातळ पद्धतीत उत्तराचा आकार मोजायचाच नाही, म्हणून एक ‘म’ पुरतो.

४ ऑगस्ट

गंगापूर धरणातून पाणी सोडलं आहे. सकाळपासून घरच्या ग्रुपवर एकच प्रश्न, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? (पूर त्याच्यावरूनच मोजतात.) गोदाघाटावर जायचा बेत रद्द, दिवसभर कोड.

झाड आपोआप बांधणारा भाग सुरू केला. रीत हाताने केली तीच : प्रोग्राम शेवटपर्यंत चालवायचा, शेवटच्या पदाला म द्यायचा, आणि एकेक पायरी मागे येत झाड वाढवायचं. पुढे जाताना टाइप टिकतो हे बहुतेक टाइप पद्धतींत असतं. मागे येतानाही टिकतो, ही इंटरसेक्शन टाइपची खासियत. मागे येताना उ च्या प्रती जिथे जिथे पसरल्या होत्या तिथून त्यांची डेरिव्हेशनं गोळा करायची आणि एका मल्टिसेटमध्ये भरायची. साध्या टाइपांत ती एका टाइपात बसवावी लागतात, आणि तिथेच ती पद्धत अडते.

भाचीने स्क्रीन बघितली आणि म्हणाली, “मामा, तू आधी प्रोग्राम चालवतोस आणि मग टाइप काढतोस. हा कसला टाइप चेकर? पेपर फुटल्यावर पास होणं झालं हे.”

“चेकर नाहीच आहे तो.”

“मग काय आहे?”

याचं उत्तर मी जेवताना दिलं, ते जरा नीट लिहितो. ओकॅमलचा टाइप दारावरचा राखणदार असतो, चुकीचा प्रोग्राम आत सोडत नाही. इथल्या टाइपला अडवायचं काही नाही. प्रोग्रामची पूर्ण धाव एका स्थिर आकृतीत उतरलेली असते आणि त्या आकृतीवर सिद्धता करता येतात. धाव क्रमाने घडते, पायरीमागून पायरी, प्रती निघत जातात, पद फुगतं. झाडात तसं काही घडत नाही. कुठला माल किती वेळा लागला, कुठला लागलाच नाही, हे एका जागी लिहिलेलं असतं. दोन चालवायच्या पद्धतींची तुलना करायची तर त्यांच्या धावा शेजारी ठेवून हाती काही लागत नाही. दोन झाडं शेजारी ठेवली की लागतं.

“म्हणजे कंपनीत याचा उपयोग शून्य,” ती म्हणाली. टूल म्हणून, हो. मला ते कबूल आहे.

११ ऑगस्ट

पद पुन्हा पुन्हा लिहून पायऱ्या चालवायचं सोडून क्रिव्हिन यांचं यंत्र घेतलं. जाँ-लुई क्रिव्हिन यांचं हे यंत्र इतकं छोटं आहे की कोड एका स्क्रीनवर मावतो. तीन हालचाली. ‘त उ’ दिसलं की उ स्टॅकवर (एकावर एक रचलेल्या मालाच्या चळतीवर) ठेव. ‘ल क्ष. त’ दिसलं की स्टॅकवरचं वरचं घे आणि क्ष च्या नावाने नोंदव. नुसता क्ष दिसला की नोंदीतून त्याचा माल उचल. ‘ल’ समोर आणि स्टॅक रिकामा, की थांब.

डेल्टा आय : ठेव. घे. ‘क्ष क्ष’ आलं, ठेव. पहिला क्ष, उचल, आय मिळाला. घे. य आला, उचल. तो निघाला दुसरा क्ष, परत उचल. आय मिळाला, स्टॅक रिकामा. ठेव २, घे २, उचल ३. एकूण ७.

झाडात बघा : ‘लागू’ २, ‘फंक्शन’ २, ‘चल’ ३, ‘थांबा’ १. एकूण ८. वरचा एक म्हणजे ‘थांबा’, यंत्राच्या थांबण्याला हालचाल म्हणत नाहीत. बाकी एकास एक. ठेवणं म्हणजे लागू, घेणं म्हणजे फंक्शन, उचलणं म्हणजे चल. दि कार्व्हाल्यो यांच्या प्रबंधातलं नातं हेच. वाचलं होतं, पण टर्मिनलवर दोन रकाने शेजारी जुळताना बघायची मजा और आहे.

झाड बांधायलाही यंत्र सोयीचं. स्टॅकवर ठेवलेल्या प्रत्येक मालाला एक नंबर. मागे येताना प्रत्येक उचलीला त्या नंबराखाली एक डेरिव्हेशन जमा. ‘ठेव’पाशी पोचलो की त्या नंबराखाली जे जमलं तोच मल्टिसेट. काही जमलं नसेल तर []. वेगळा हिशेब ठेवावाच लागत नाही.

२० ऑगस्ट

काल श्रावणातला तिसरा सोमवार, भाची मैत्रिणींबरोबर ब्रह्मगिरीच्या फेरीला. आज पायांना बाम लावून टेस्ट लिहीत बसली. कसेही जुळवलेले बंद (मोकळे चल नसलेले) प्रोग्राम तयार करायचे, यंत्रावर चालवायचे, झाड बांधायचं, ठेव, घे आणि उचलचे तिन्ही आकडे झाडाशी ताडायचे. पाच हजार हालचालींत न थांबणारे बाजूला. त्यांच्याबद्दल काहीच म्हणायचं नाही. थांबलेल्या सगळ्यांचे आकडे जुळताहेत. लांब धावांना मेमरी खूप लागते, कारण सगळा माग साठवावा लागतो. ते तसंच राहू दे.

१ सप्टेंबर

कॉल बाय व्हॅल्यू. बहुतेक भाषा अशाच चालतात : माल आधी पूर्ण शिजवायचा, मग फंक्शनला द्यायचा. लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये हे प्लॉटकिन यांनी १९७५ मध्ये व्यवस्थित मांडलं. त्याला साजेसे मल्टिसेट टाइप एहरहार्ड यांच्या २०१२ च्या लेखातले घेतले.

फरक एका जागी आहे, पण तिथूनच सगळं फिरतं. नेममध्ये मल्टिसेट फक्त मालाच्या बाजूला होता. आता फंक्शनचं उत्तरही मल्टिसेट. माल एकदाच टाइप करायचा आणि त्या एकाच झाडाच्या मुळाशी मल्टिसेट यायचा. आणि मल्टिसेट [] असला तरी मालाचं झाड हवंच, कारण व्हॅल्यूमध्ये माल शिजवल्याशिवाय सुटका नाही.

दोन प्रोग्राम घेतले. पहिला, डेल्टा (आय आय). नेममध्ये : (आय आय)(आय आय), मग आय (आय आय), मग आय आय, मग आय. चार पायऱ्या. झाडात आय आय दोनदा टाइप केलेला, प्रत्येकात एक ‘लागू’, शिवाय डेल्टाच्या पोटातला एक आणि बाहेरचा एक. चार. व्हॅल्यूमध्ये : आधी आय आय चा आय होऊन डेल्टा आय, मग आय आय, मग आय. तीन. झाडात आय आय एकदाच. तीन.

दुसरा, (ल क्ष. आय) ओमेगा. नेममध्ये क्ष चं खातं रिकामं, ओमेगाला कोणी हात लावत नाही, एक पायरी, एक ‘लागू’. व्हॅल्यूमध्ये ओमेगाला निदान [] तरी हवा, आणि २१ जुलैची वजाबाकी इथेही तशीच चालते, म्हणून तोही मिळत नाही. प्रोग्रामला टाइप नाही, आणि तो थांबतही नाही.

नेमला टाकून द्यायची अक्कल आहे, पण एकच काम दोनदा करतो. व्हॅल्यू एकदाच करतो, पण नको असलेलंही करतो. वर्णन म्हणून हे सगळीकडे वाचायला मिळतं. इथे ते नियमांच्या आकारात बोट ठेवून दाखवता येतं, यासाठी मला ही पद्धत भावते.

भाचीचा प्रश्न : पायरी म्हणजे खरंच एकक धरायचं का? एका पायरीत मोठ्या पदाच्या दोन प्रती निघू शकतात, आणि असं करत न पायऱ्यांत पद दोनच्या न व्या घाताएवढं फुगवता येतं. प्रश्न रास्त आहे आणि बरीच वर्षं तो मोकळाच होता. आक्काटोली आणि दाल लागो यांनी २०१४ मध्ये दाखवलं की पोटातही शिरणाऱ्या, सर्वांत डावीकडची बाहेरची जोडी आधी घेणाऱ्या पद्धतीतसुद्धा पायऱ्यांची संख्या हे वेळेचं वाजवी माप आहे, ट्युरिंग यंत्राच्या (संगणकाच्या प्रमाण गणिती रूपाच्या) वेळेशी बहुपदीपुरताच फरक. युक्ती अशी की प्रती खरोखर काढायच्याच नाहीत, वाटून वापरायच्या.

१५ सप्टेंबर

कॉल बाय नीड. हॅस्केल ही भाषा ज्या वाटेने जाते ती. वॉड्सवर्थ यांची १९७१ ची कल्पना : माल लागेल तेव्हाच शिजवायचा, आणि एकदा शिजवला की पुन्हा नाही. केस्नर यांनी २०१६ मध्ये टाइपांचाच आधार घेऊन दाखवलं की थांबण्याच्या बाबतीत नेम आणि नीड एकच. नेममध्ये जे थांबतं नेमकं त्यालाच टाइप मिळतो, आणि नीडमध्येही नेमकं त्यालाच. मधली किचकट तुलना करावीच लागत नाही. पायऱ्यांचा नेमका आकडा देणारे टाइप आक्काटोली, ग्वेर्रिएरी आणि लेबर्ले यांनी २०१९ मध्ये दिले, तेच आता कोडमध्ये घेतले आहेत.

त्यांनी दोन्हीकडचं चांगलं तेवढं उचललं आहे. आकार व्हॅल्यूचा, माल एकदाच टाइप करायचा. पण ‘लागू’ नियम दोन : मल्टिसेट भरलेला असेल तर मालाचं झाड हवं, [] असेल तर माल तसाच सोडायचा, नेमसारखा. व्हॅल्यूत [] चा अर्थ ‘शिजवलं, पण फंक्शन म्हणून लावलं नाही’ असा होता. इथे तो ‘बघितलंच नाही’ असा घ्यायचा, म्हणून नुसतं शिजवून ठेवलेल्यासाठी मल्टिसेटच्या आत म पुन्हा आणावा लागतो.

डेल्टा (आय आय) : क्ष ला [[म] → [म], म], दोन नग, पण आय आय चं झाड एकच. ‘लागू’ तीन. (ल क्ष. आय) ओमेगा : एक. (ल क्ष. आय)(आय आय) नेममध्ये एक, व्हॅल्यूमध्ये दोन, नीडमध्ये एक. यंत्राचे आकडेही हेच.

नीडच्या यंत्रात मात्र ‘उचल’ आणि ‘चल’ अजून एकास एक बसत नाहीत. शिजलेला माल परत नोंदीत ठेवायची जास्तीची हालचाल असते आणि तिला झाडात जोडीदार नाही. ‘लागू’ आणि ‘ठेव’ जुळतात, पायऱ्यांपुरतं तेवढं पुरे. भाचीची परीक्षा जवळ आली, तिने टेस्टची फाइल माझ्या नावावर केली आहे. पुढचं काम मोकळे चल : ‘लागू’चा आणखी एक नियम आणि आकाराचा वेगळा आकडा. पार्सर मोकळ्या चलांना सध्या एरर देतो, तिथून सुरुवात.